कर्दळीचा वाफा

चहाचा चोथा टाकायला मी मागचं दार उघडलं, तर धुण्याच्या दगडापाशी बाबांचा चष्मा पडला होता. कुणाचा तरी जुना चष्मा नव्हे, बाबांचाच. डाव्या काडीच्या बिजागरीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती. ती तार लहानपणी मीच धरून दिली होती आणि बाबांनी पकडीनं पिरगाळून तिचं टोक आत दडपलं होतं, कानाला टोचू नये म्हणून. तार आता हिरवी पडली होती, पण टोक आतच होतं. एक काच तडकलेली, दुसरी शाबूत, बाटलीच्या बुडासारखी जाड. दोन्ही काड्यांची टोकं कुरतडलेली. मी चोथ्याचं गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले. आतून आई म्हणाली, "दार लाव गं, गार वारा येतोय." मी चष्मा उचलला, गाऊनच्या खिशात टाकला आणि दार लावलं. चोथा टाकायचा राहूनच गेला.

बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा मी शाळेत होते आणि धाकटा भाऊ बोबडं बोलत होता. जाताना ते आपलं सगळं घेऊन गेले, असं आईनं सांगितलं होतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसांत आम्ही दोघं मावशीकडे होतो; परत आलो तेव्हा कपाटातला त्यांचा खण रिकामा होता, ओल्या फडक्यानं पुसलेला, त्यात नवा कागद अंथरलेला. न्हाणीघराच्या फळीवर दाढीच्या ब्रशाखाली नेहमी एक गोल डाग असायचा. डाग होता, ब्रश नव्हता. त्या गोल डागाकडे बघत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. ब्रश न्यायला जमला, आम्ही नाही जमलो. हे वाक्य तेव्हा डोक्यात शिरलं ते आजतागायत बाहेर पडलेलं नाही. त्याच वाक्यावर मी शिकले, नोकरीला लागले, दोन चांगली स्थळं नाकारली, आणि बाबांचं नाव जिथं जिथं लिहायचं टाळता आलं तिथं तिथं टाळलं. मग घेऊन गेलेला चष्मा आमच्याच अंगणात कसा काय उगवला?

आई पलंगावर गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती. काल संध्याकाळपासून गुडघा सुजला होता, न्हाणीघरापर्यंत जायलाही ती माझा खांदा धरत होती. म्हणजे मागे कर्दळीच्या वाफ्यात जो खड्डा मी आत्ता ओझरता पाहिला, चांगला बादलीभर माती बाहेर काढलेला, तो तिनं खणलेला नव्हता. हे मला सकाळी सकाळी कळायला नको होतं. कारण गेले कित्येक दिवस आम्ही दोघं भावंडं हेच धरून चाललो होतो की आई खणते. ती उजाडायच्या आधी मागे जायची, परत यायची तेव्हा नखांत माती, पदराला माती. विचारलं तर म्हणायची, "कर्दळीला माती लावत होते." रोज कोण माती लावतं? धाकटा फोनवर म्हणाला होता, आईचं आता काही खरं नाही, एखाद्या दिवशी तिथंच पडेल आणि आपल्याला कळणारही नाही. त्यानं मग स्वतःच ठरवून टाकलं, मागचं अंगण खणून काढायचं, सपाट करायचं, फरशी घालायची. माणसं उद्या सकाळी येणार होती.

दवाखान्यात कामाला जाताना वाटेत मला आईनं फरशीला केलेला विरोध आठवला. आई भांडकुदळ नाही. टोमणे मारते, पण भांडत नाही. त्या दिवशी मात्र ती फोन कानाला उलटा धरून ओरडली होती, "माझ्या डोळ्यांदेखत त्या वाफ्याला हात लावायचा नाही. मी गेल्यावर काय वाटेल ते करा." आम्हाला ती म्हातारपणातल्या आडमुठेपणाची तऱ्हा वाटली. आता एकेक गोष्ट सुट्या मण्यांसारखी घरंगळत समोर यायला लागली. मावशीकडून आलो तेव्हा तो वाफा नवा होता. त्याआधी तिथं काही नव्हतं, नुसती चेपलेली माती, जिच्यावर मी लंगडी खेळायचे. आल्या आल्या आई म्हणाली होती, "तिकडे आता खेळायचं नाही, कर्दळ लावलीय." आईला झाडांची हौस कधीच नव्हती. ती गणवेश शिवायची, दिवसभर मशीनवर. घरातल्या तुळतुळीत पानांच्या कुंड्यासुद्धा बाबांनी आणलेल्या, आणि त्या तिनं पाणी न घालून वाळवल्या. कर्दळीला मात्र ती कधी विसरली नाही. चेंडू वाफ्यात गेला तर धाकट्याला ती स्वतः काढून द्यायची, त्याला आत पाय टाकू द्यायची नाही. आईचे दंड तेव्हा मजबूत होते. शिलाई मशीन ती एकटी उचलून खिडकीपाशी न्यायची. मी रस्त्यात थांबले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. चष्मा पर्समध्ये होता. मला वाटत होतं येणाऱ्या जाणाऱ्याला तो पर्समधून दिसतोय.

माझं काम लोकांचे कान तपासण्याचं. पेशंट काचेपलीकडच्या बंद खोलीत बसतो, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी अलीकडून बारीक बारीक आवाज सोडते आणि ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, ती म्हणजे आपला हात पेशंटला दिसू द्यायचा नाही. हात दिसला की माणूस कान सोडून हातावर लक्ष ठेवतो आणि ऐकू न येताही बटण दाबतो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आपल्याला ऐकू येत नाही हे कुणालाच मान्य करायचं नसतं. आईचे कान मी कधीच तपासू शकले नाही. तिला डाव्या कानानं जवळजवळ काहीच येत नाही, उजव्याला ओरडावं लागतं, आणि कानाला मशीन लावायचं म्हटलं की ती म्हणते, "मला जेवढं ऐकायचंय तेवढं येतं." आज पहिल्या पेशंटला, एका निवृत्त बसचालकाला, मी खोलीत बसवलं आणि आवाज सोडायचाच विसरले. तो बिचारा एकाग्र होऊन बसला होता. थोड्या वेळानं त्यानं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. माझ्यासमोरचा दिवा लागत होता, विझत होता, आणि मी बघत होते. काहीच नसताना माणसाला ऐकू येतं. मलाही येत होतं. मला आईचं फावडं ऐकू येत होतं, जे मी कधीच ऐकलेलं नव्हतं, कारण मी मावशीकडे होते. पण आम्हाला मावशीकडे का पाठवलं होतं? सुट्टी नव्हती. शाळा बुडवून पाठवलं होतं. हे आजपर्यंत माझ्या कसं लक्षात आलं नाही?

दुपारी धाकट्याचा फोन आला. "उद्या लवकर येतील, तू घरी थांबशील ना? खणायचं मशीन गल्लीत शिरत नाही, हातानंच खणणार. चांगलं कमरेइतकं खोल काढायला सांगितलंय, खाली मुळं राहिली तर फरशी उचलते." मी विचारलं, "एवढं खोल कशाला?" तो म्हणाला, "ताई, तू आता आईसारखी सुरू होऊ नकोस." मी त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार? तुझ्या कमरेइतक्या खड्ड्यात काय निघेल याची मला भीती वाटते? धाकट्याला बाबांचा चेहरासुद्धा आठवत नाही, आणि तरी बाबांचा राग त्याच्यात माझ्याहून जास्त आहे. त्याच्या मुलानं एकदा आजोबांबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते पळून गेले," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. उद्या चार अनोळखी माणसांसमोर मातीतून काहीतरी वर येईल, कुणीतरी पोलिसांना बोलावेल, आणि पलंगावर पिशवी ठेवून बसलेल्या त्या म्हातारीला लोक उठवून नेतील. ते काय विचारताहेत तेही तिला ऐकू येणार नाही. मी तब्येतीचं कारण सांगितलं आणि दवाखान्यातून निघाले.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई झोपली होती, किंवा डोळे मिटून पडली होती. तिच्या बाबतीत हा फरक कळत नाही. मी स्वयंपाकघरातून खुरपं घेतलं, मागचं दार आवाज न करता उघडलं, आणि मग माझंच मला हसू आलं, आवाज केला असता तरी कुणाला ऐकू जाणार होता. भिंतीपलीकडे शेजारीण दोरीवरचे कपडे काढत होती. तिच्या डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसत होता. मी वाकून वाफ्यात शिरले. कर्दळ माणसाच्या उंचीची होती, आत शिरल्यावर हिरवट काळोख होता, आणि कसलातरी उग्र, घामट वास. खड्डा सकाळी वाटला होता त्याहून मोठा निघाला. कर्दळीचे कंद अर्धवट खाल्लेले, पांढरे, ओले. खड्ड्याच्या कडेला माती सैल होती. मी खुरप्यानं ओढायला लागले. प्रथम बुटाचा तळ आला, वरचं चामडं गेलेलं. मग एक डबी, गंजून पापुद्रे सुटलेली. मग एक बक्कल. मी मनाशी म्हणत होते, इथपर्यंत ठीक, या वस्तू आहेत, वस्तूच आहेत. आणि मग माझ्या बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं, थंड, बोटाएवढं लांब, मध्ये निमुळतं आणि टोकाशी फुगीर. माती झटकली तर पिवळसर पांढरं. एका बाजूला दातांच्या खुणा. हाड. मी ते तळहातावर धरून बसले, टाकावंसंही वाटेना. हे बाबांच्या हाताचं असेल का, हा प्रश्न मी स्वतःला अगदी स्पष्ट शब्दांत विचारला, आणि त्याच वेळी मला बाबांची बोटं आठवली, छापखान्याच्या शाईनं काळी झालेली, तपासायच्या ओळीखालून सरकणारी. ते मुद्रितं तपासायचे. चष्मा कागदाला टेकेल इतके वाकून.

पानांच्या आत, भिंतीच्या बुडाशी, काहीतरी हललं. सुकलेल्या शेंगांची जुडी झटकावी तसा खडखड आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला, जवळ. मला आधी नुसती काळी-पांढरी पट्टी दिसली, मग ती फुगली, आणि तिच्यातून लांब लांब काटे उभे राहिले. साळिंदर होतं. एवढं मोठं जनावर आमच्या अंगणात, चार घरांच्या मध्ये. त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि पाय आपटले, मला वाटलं ते पळतंय, म्हणून मी उठायला गेले.

"हलू नकोस," आई म्हणाली. ती दारात उभी होती, चौकट दोन्ही हातांनी धरून. "ते मागे सरकत येतं आणि टोचतं. तशीच बस. त्याला वाट दे."

मी तशीच बसले. साळिंदर उलटं, पाठमोरं, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर आलं, थरथरत उभं राहिलं, त्याचा वास नाकात भरला. मग काटे हळूहळू खाली बसले. ते तोंड फिरवून भिंतीच्या कडेनं चालायला लागलं, एखाद्या लठ्ठ माणसासारखं डुलत, आणि न्हाणीच्या पाण्याच्या चरातून पलीकडे गेलं.

"रोज याच सुमाराला निघतं," आई म्हणाली. "पहाटे परत येऊन उकरतं. मग मी सगळं आवरून ठेवते. आज उठता आलं नाही."

तिच्या आवाजात इतका सहजपणा होता की मला राग आला. मी हात पुढे केला, तळहातावर ते हाड होतं. मी विचारलं, "आई, हे काय आहे?" तिनं कानामागे हात नेला. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "जवळ ये, मला तिथून येत नाही." भिंतीपलीकडे शेजारणीचं डोकं स्थिर झालं होतं. आयुष्यातला सगळ्यात भयंकर प्रश्न मला विचारायचा होता, आणि तो कुजबुजून विचारता येणार नव्हता. मी उठले, पाय मुंग्यांनी भरले होते, तिच्यापाशी गेले, तिच्या उजव्या कानाभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून त्यात तोंड घातलं आणि म्हटलं, "खाली बाबा आहेत का?"

आई मागे सरली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला ओळखीची वाटत नव्हते. मग तिनं तळहातावरची वस्तू उचलली, पदराला पुसली आणि माझ्यापुढे धरली. फुगीर टोकाला एक गोल खोबण होती, आणि खोबणीत काळे पडलेले केस चिकटले होते. दाढीचा ब्रश. शिंगाची मूठ असलेला. "एवढा उंच माणूस मी एकटीनं पुरला असता?" ती म्हणाली. "वेडी कुठली. असं काय काय मनात आणत बसलीस दिवसभर?" मी खाली दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि मला हुंदका आला. सुटल्याचा होता तो, आणि तिच्यावर असा संशय घेतल्याच्या शरमेचा. आई माझ्या शेजारी, गुडघा सरळ पसरून, कण्हत बसली. "ते नाहीत तिथं," ती म्हणाली. "कुठंच नाहीत. मी खूप शोधलं."

मग तिनं जे सांगितलं ते सलग सांगितलं, माझ्याकडे न बघता. बाबांचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढी नजरही जाणार, उपाय नाही. छापखान्यात त्यांच्या हातून एक अख्खं पान चुकीचं सुटलं आणि मालकानं त्यांना घरी बसायला सांगितलं. ते मग नुसते बसायचे. आईनं आम्हाला मावशीकडे पाठवलं ते एवढ्यासाठी की त्यांना ठेच लागलेली, भांडं धडकलेलं आम्ही बघू नये, त्यांना तेच सहन होत नव्हतं. एका सकाळी ती उठली तर ते नव्हते. कपडे होते, बूट होते, पिशवी होती, दाढीचं सामान होतं. आणि ओट्यावर घडी घातलेला चष्मा. "चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचं पाऊल दिसायचं नाही," आई म्हणाली. "परत यायचं असतं तर चष्मा ठेवला असता का? मी ओटा बघितला आणि मला कळलं." पूल, दवाखाने, स्टेशन, सगळीकडे ती हिंडली. फक्त मावशीला माहीत होतं. काही सापडलं नाही.

"मग आम्हाला खोटं का सांगितलंस?" मी तिच्या कानात ओरडले. शेजारीण गेली होती की नव्हती मी पाहिलंही नाही.

"काय सांगणार होते? बाबा हरवलेत? तू दारात बसली असतीस. मी तुला ओळखत नाही का? शाळा सोडून, जेवण सोडून दारात बसली असतीस, आणि हा छोट्या तुझ्या मांडीवर. आणि दुसरं खरं होतं ते तर तोंडातून निघालंच नसतं माझ्या. म्हटलं, सामान घेऊन गेले म्हणते. सामान घेऊन गेलेल्या माणसाची कुणी वाट बघत नाही. रागावतं. रागावलेलं पोर अभ्यास तरी करतं." ती थांबली. "जाळणार होते सगळं. काडी ओढवेना. म्हणून पुरलं."

खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा माणूस मला कळतो, तोच माझा धंदा आहे, आणि आई खरं बोलत होती. पण इतक्या वर्षांचा माझा राग आता कुठं ठेवायचा ते मला कळेना. तो मी व्यवस्थित सांभाळला होता, त्याला धार लावली होती, त्याच्या जोरावर मी ताठ चालत होते. तो ज्या माणसावर होता तो माणूस कधी पळालाच नव्हता. डोळे गेलेला, नोकरी गेलेला, घाबरलेला एक माणूस, आत्ताच्या माझ्याहून वयानं कितीतरी लहान. आणि ज्या बाईवर रागवायला हवं ती शेजारी गुडघा चोळत बसली होती. मला तिच्यावर रागावता येत होतं. येत होतंच. तिनं आम्हाला रडूही दिलं नव्हतं. पण तिनंही कधी रडून घेतलं नव्हतं, आमच्यासमोर एकदा डोळे पुसले असते तर सगळं उघडं पडलं असतं. सोडून गेलेल्या नवऱ्याला शिव्या देणारी बाई तिला रोज व्हावं लागलं होतं, आणि मागे जाऊन कर्दळीला पाणीही घालावं लागलं होतं.

"छोट्याला सांगशील?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. आत जाऊन फोन लावला. म्हटलं, उद्या माणसं आणू नकोस, तू एकटा ये. तो म्हणाला, "आता काय झालं?" मी म्हटलं, "आईला काही झालेलं नाही. तिची बुद्धी शाबूत आहे. ये तू, बाबांबद्दल बोलायचंय." तो म्हणाला, "सापडले?" त्या एका शब्दात त्याचा आवाज एकदम लहान मुलाचा झाला, आणि मला कळलं की रागावलेली पोरंसुद्धा वाट बघतात. आईला हे मी सांगितलं नाही.

परत आले तेव्हा ती उंबऱ्यावरच होती. मी पर्समधून चष्मा काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उलटसुलट केला, शाबूत काच अंगठ्यानं पुसली, डोळ्यांसमोर धरून पलीकडे बघायचा प्रयत्न केला. "काही दिसत नाही," ती म्हणाली. अंगणात आता अंधारानं झाडं आणि भिंत एक झाली होती.

"त्या मोठ्या रस्त्यापर्यंत तरी गेले असतीलच ना," ती म्हणाली. "तिथं गाड्या किती जोरात असतात. मला रोज वाटतं बघ. तो रस्ता ओलांडताना त्यांचा हात कुणी धरला असेल का गं?"

"धरला असेल," मी म्हटलं.

"काय?"

"धरला असेल, आई," मी ओरडून म्हटलं. "सकाळची वेळ होती. लोक असतात रस्त्यावर. नक्की कुणीतरी धरला असेल."